साहेब आणि मावशीचा हिवाळा

३० नोव्हें., रवि.

नागपूरहून आत्ता आली. तीनदा हात धुतले, वास जात नाही.

बंडूची खोली रिकामी करून दिली. घरमालक माणूस बरा. म्हणाला, "ताई, सामान राहू द्या महिनाभर. ते दोघं मात्र आजच न्या." ते दोघं म्हणजे इग्वाना. परदेशी सरडे, हिरवे. नर शेपटीसकट माझ्या खांद्याएवढा लांब, त्याचं नाव साहेब. मादी लहान, ती मावशी. माझा भाऊ चाळिशीला आला, लग्न नाही, आणि घरात साहेब अन् मावशी. गोणपाटात घालून टॅक्सीनं आणले. सावनेर येईपर्यंत ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही.

बंडू मंगळवारपासून मनाच्या दवाखान्यात. त्यानं स्वतःच मला फोन केला होता, मी शिकवते त्या शाळेत, मधल्या सुटीत. "ताई, मले आता एकट्याले राहू देऊ नको." एवढंच. आवाज एकदम साधा. मी तशीच निघाली होती.

आज वॉर्डात भेटली. गोळ्यांनी जीभ जड. पण सरड्यांचं सगळं नीट सांगितलं. आधी ऊन, मग खाणं. पालक द्यायचा नाही. मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, जास्वंद, कोहळं. थंडीत अंग गार असलं तर पोटातलं पचत नाही, सडते. निघताना हात धरला. "तुले जमत नसन तर कोणाले देऊन टाक. पण मेले तर मले सांगजो. मी कसाही असो. लपवू नको."

हाव म्हटलं.

घरी आली तर हे दारातच उभे. "घरात नाही. आंगणात ठेव, छपराखाली ठेव, घरात नाही." लहानपणी वावरात घोरपड पायावरून गेली होती यांच्या. पाल दिसली तरी खोली सोडतात. वाद घातला नाही. पोती छपराखाली ठेवली, वरून चादर.

३ डिसें., बुध.

यांनीच वेल्डर आणला. यांच्या दुकानामागं पडलेल्या लोखंडी जाळीचा पिंजरा झाला, माणूस उभा राहील एवढा. आत जांभळीची मोठी फांदी आडवी बांधली. दक्षिणेच्या भिंतीला लावला, दिवसभर ऊन. पिंजरा होईस्तोवर हे रस्त्यावर उभे होते.

साहेब खात नाही. मावशीनं जास्वंदीचं एक फूल खाल्लं. साहेबानं शेपटी मारली, मनगटावर वळ. शाळेत मोठ्या मॅडमनं विचारलं, "काय झालं?" काय सांगू?

बुधवारी दुपारी चार ते सव्वाचार बंडूला फोन देतात. आज शांत. "खाल्लं का" एवढं विचारलं आणि ठेवला.

७ डिसें., रवि.

सकाळी जंगल खात्याचा माणूस दारात. कोणीतरी सांगितलं की घोरपड पाळली. कोणी ते माहीत आहे. शेजारचे काळे काका कुंपणावरून पाहत होते, मी पाहिलं तसे खाली वाकून कोथिंबीर तोडू लागले.

बंडूची फाईल काढली. सगळे कागद शिस्तीत लावलेले, नोंदणी, फोटो, पावती. माणूस कागद वाचत राहिला, मग पिंजऱ्याजवळ गेला. "हे तर आपल्या इकडचं जनावरच नाही मॅडम." मग मोबाईल काढून दोन फोटो घेतले, एक स्वतःसकट. चहा घेतला. जाताना म्हणाला, "थंडीत जपा. हे गरम मुलखातलं दिसते."

दुपारी सावरगावचे एक म्हातारबाबा आले. गुडघ्यासाठी सरड्याचं तेल पाहिजे म्हणे. ज्याचं तेल असते ते हे नाही बाबा, म्हटलं. विश्वास बसला नाही. अर्धा तास ओट्यावर बसून होते.

१० डिसें., बुध.

फोन. आज मी तक्रारींचा पाढाच वाचला. साहेबानं पाण्याचं टोपलं उलथलं, साहेब माझ्यावर गळा फुगवते, साहेबानं माझ्या नव्या शालीवर घाण केली, साहेबाले तू लाडावून ठेवलं. तिकडून आवाज आला. आधी समजलं नाही. हसून राहिला होता बंडू. "त्याले राग येते ताई, तू चष्मा लावून जाते म्हणून. काढून जात जा."

किती महिन्यांनी हसला. फोन ठेवून स्टाफरूममध्ये बसली. पुढचा तास होता, पाच मिनिटं उशिरा गेली.

१४ डिसें., रवि.

आजचं नीट लिहून ठेवते.

सकाळी साडेसहा. बंडूनं दिलेला थर्मामीटर पिंजऱ्याला बांधला आहे, ८ दाखवत होता. मावशी खाली पडलेली. पाय वर. रंग राखेसारखा. हात लावला तर लाकूड. डोळे मिटलेले. साहेब फांदीला चिकटून, तोही हलत नाही पण पकड घट्ट.

यांना हाक मारली. बाहेर आले, लांबून पाहिलं, आत जाऊन फावडं आणलं. "संत्र्याच्या झाडाजवळ खणतो," म्हणाले. आवाज मऊ होता.

थांबा म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. टिनाच्या पत्र्यावर काळी घोंगडी टाकली, ऊन आलं तशी मावशीला तिच्यावर ठेवली. बसली. आठ वाजले, नऊ वाजले. मी उठली नाही, चहा यांनीच केला. दहाच्या सुमारास रंग थोडा हिरवट वाटला, वाटलं भास असेल. पावणेअकराला एक डोळा उघडला. फक्त एक. माझ्याकडं पाहिलं आणि परत मिटला. अकराला मागचा पाय ओढला.

चहापुरते आत गेले तेवढं सोडलं तर हे फावडं धरून तसेच उभे होते, चार तास. "मेली नव्हती," म्हणाले. मग फावडं ठेवायला गेले ते बराच वेळ परत आले नाही.

गार झालं की हे असे होतात. मेल्यासारखे. आता समजलं.

१५ डिसें., सोम.

पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री, वरून गोणपाट, समोर पडदा. आत शंभरचा बल्ब, त्यावर भोकं पाडलेलं मडकं, चटका बसू नये म्हणून. सकाळी १७ अंश. दोघं मडक्याला लागून बसलेले. साहेबानं मला पाहून गळा फुगवला. बरं वाटलं.

चष्मा काढून गेली होती, तरी.

२० डिसें., शनि.

सौंसरला आईकडं. आई जामसांवलीच्या मारुतीला जाऊनच आली होती, कपाळाला शेंदूर. "मी म्हणत होती तिथं आधी न्या त्याले. चार शनिवार केले असते." औषधही पाहिजे आई, म्हटलं. "औषधाले कोण नाही म्हणते. पण दवाखान्यात एकटा पडला असन तो. मारुतीच्या पाराशी लोकं तरी असतात."

खोटं काय त्यात.

मग बाबांचा विषय. आईनंच काढला. मी नको नको करत होती.

बाबा गेले तेव्हा बंडू नागपूरला होता, टायफॉईड, त्यात परीक्षा. सगळ्यांनी ठरवलं, नऊ दिवस सांगायचं नाही. फोनवर बोलायचं काम माझ्याकडं. रोज संध्याकाळी फोन. "बाबा कसे आहेत?" "बरे आहेत, झोपले आहेत." "बाबा जेवले?" "जेवले." मी नऊ दिवस बाबांना जेवू घातलं. दहाव्या दिवशी तो न सांगता आला. दारात उभा राहिला, समोर फोटोला हार. माझ्याकडं पाहिलं. आईकडं नाही, माझ्याकडं.

आई म्हणाली, "तवापासूनच तो असा झाला." तसं नाही, आजार असतो, डॉक्टरनं सांगितलं. पण रस्त्यानं बसमध्ये डोक्यात तेच.

२७ डिसें., शनि.

थंडी वाढून राहिली. लाइन पहाटे जाते, तीन-चार तास. बल्ब असून उपयोग नाही. प्लास्टिकच्या बाटल्यांत उकळतं पाणी भरून जुन्या सॉक्समध्ये घालून आत ठेवते. तासभर पुरतात. पाचला उठते, गॅसवर पाणी. शाळेत डोळे मिटतात.

यांना परत विचारलं. पोरगी भोपाळला, तिची खोली रिकामी आहे. फक्त थंडी आहे तोवर. "मी नाही म्हटलं ना एकदा." मग थोड्या वेळानं, "मले झोप येणार नाही सुषमा. खरंच येणार नाही." माणूस खोटं बोलत नव्हता. मी पुढं बोलली नाही. बोलायला पाहिजे होतं.

३१ डिसें., बुध.

फोन. बंडूचा आवाज बराच मोकळा. डॉक्टर म्हणतात महिनाअखेर सुटी होऊ शकते. जानेवारीच्या. आधी आमच्याकडं येईल, मग पाहू. साहेबाच्या तक्रारी ऐकवल्या. त्यानं एक एक विचारून घेतल्या.

५ जाने., सोम.

सकाळी लाइन नाही. थर्मामीटर ५. धुकं इतकं की काळे काकांचं घर दिसत नव्हतं. गॅस सिलेंडर संपलेलं, कालच संपलं, दुसरं आलेलं नाही. पाणी गरम करायला काही नाही.

छपराखाली आईनं दिलेली जुनी शेगडी. कोळसे पेटवले. बाहेर फुलवून घेतले, धूर गेला, नुसते लाल निखारे राहिले तेव्हा आत ठेवली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, विटांवर, अंगाला लागू नये अशी. ऊब जाऊ नये म्हणून पडदा नीट लावला. खालून दगड ठेवले. हात आत घालून पाहिला, छान गरम. साहेबानं मान वर केली होती. समाधान वाटलं मला. घरात येऊन खुर्चीवर बसली, शाल घेतली. डोळा लागला.

जागी झाली तर पावणेसात.

मावशी पडद्याच्या फाटक्या कोपऱ्याशी, नाक बाहेर काढून. जिवंत. साहेब खाली, शेगडीच्या बाजूला पसरलेला. तोंड उघडं.

शाळेत गेली नाही. घोंगडी टाकली, पत्र्यावर ठेवलं. ऊन दहा वाजता आलं.

६ जाने., मंगळ.

कालचा पूर्ण दिवस उन्हात. सं. घोंगडीत गुंडाळून छपराखाली. आज परत उन्हात. मावशीचा डोळा पावणेअकराला उघडला होता. पावणेअकरा वाजून गेले. बारा. एक. मी अंग उलटंपालटं करत राहिली, दोन्ही बाजूंनी ऊन लागावं म्हणून.

हे दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्यांदा फावडं नव्हतं हातात. त्याचं बरं वाटलं.

दु. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, शेगडी पाहिली. "आत ठेवली होती? बंद करून?" हाव म्हटलं. "धूर लागला." धूर नव्हता डॉक्टर, निखारे होते. "निखाऱ्याचाच असते तो. दिसत नाही. माणसं जातात मॅडम त्यानं."

तरी मी सं.पर्यंत उचललं नाही.

७ जाने., बुध.

सकाळी मुंग्या लागल्या. वास.

यांनी खणलं. संत्र्याजवळ नाही, भिंतीकडं. मी माती लोटली.

मग चार वाजता फोन. मी ठरवून बसली होती. वाक्य तयार होतं. "बंडू, ऐक, एक वाईट झालं." एवढं म्हणायचं, बाकी आपोआप निघालं असतं.

"ताई, साहेब कसा आहे?"

"बरा आहे."

"बरं."

मग मावशीचं विचारलं. मग थंडीचं. मग वेळ संपला.

बरा आहे. तोच शब्द. त्याच तोंडानं.

८ जाने., गुरु.

शाळेतून आली तर पिंजरा आंगणात नाही. हे पोरीच्या खोलीच्या दारात, हातात दुकानातले जाड हातमोजे, कपाळावर घाम. शेजारच्या दोघांना बोलावून पिंजरा मधून कापून आत घेतला होता. मावशी आत, खिडकीच्या उन्हात. बल्ब लावलेला.

एक महिना आधी असतं तर, हे माझ्या डोक्यात आलं ते यांच्याही आलं असेल. जेवताना म्हणाले, "मी आधीच ऐकायले पाहिजे होतं." मी म्हटलं, शेगडी मी ठेवली. मग दोघं जेवलो नाही धड.

११ जाने., रवि.

आज नागपूरला बंडूकडं जायचं ठरलं होतं. गेली नाही. शाळेचं काम आहे म्हणून निरोप दिला. शाळेचं काहीच काम नाही.

दवाखान्यात डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत्ता लगेच नको. औषध बदललं आहे, दोन आठवडे जाऊ द्या. मग माझ्यासमोर सांगू." आई म्हणते, "सांगूच नको. एखादा तसाच दुसरा आण." हे म्हणतात, "त्याले सांगून काय साहेब परत येणार आहे? बरा होऊन येऊ दे आधी."

सगळ्यांचं बरोबर आहे. तेव्हाही सगळ्यांचं बरोबर होतं. बाबांच्या वेळी.

पण त्यानं हात धरून सांगितलं होतं मला. त्या डॉक्टरला नाही, आईला नाही.

१४ जाने., बुध.

संक्रांत. शाळेत तीळगूळ वाटला. पोरं गोड बोला म्हणत हात पुढं करतात.

फोनवर बंडूनं साहेबाचं विचारलंच नाही. तीळगूळ खाल्ला का विचारलं, आईचं विचारलं. मावशीचं विचारलं, ती किती खाते, कुठं बसते, रंग कसा आहे. साहेबाचं नाव नाही. मीही काढलं नाही. सव्वाचार व्हायला पाच मिनिटं होती तरी त्यानं ठेवला.

बरं झालं असं वाटलं. मग भीती वाटली.

१८ जाने., रवि.

गेली होती. सकाळच्या गाडीनं, परत दु. च्या.

डॉक्टर सुटीवर. म्हणजे परत थांबायचं कारण मिळालं होतं. सिस्टरनं बाहेर बागेत बसायला दिलं. बंडूची दाढी केलेली, वजन वाढलं आहे. स्वेटर मी विणलेला. मी त्याच्यासाठी आणलेला डबा उघडला, त्यानं दोन घास खाल्ले. मी म्हटलं, बंडू, साहेब गेला.

तो खात राहिला. घास गिळला.

"कोणत्या दिवशी?"

"पाच तारखेला. सोमवारी सकाळी."

"कशानं?"

सांगितलं. गॅस संपला, लाइन नव्हती, शेगडी ठेवली, पडदा लावला, झोप लागली. काही सोडलं नाही. दोन दिवस उन्हात ठेवलं तेही सांगितलं.

तो डब्याकडं पाहत होता. म्हणाला, "मले माहीत होतं."

कोणी सांगितलं?

"तूच. त्या बुधवारी. तू दर बुधवारी त्याच्या तक्रारी करत होती ताई. त्या दिवशी 'बरा आहे' म्हटलं. एक तक्रार नाही." मग, "बाबाच्या वेळेस पण असंच. बाबा तुले रोज रागावत होते, अन् त्या नऊ दिवसांत एकदाही रागावले नाही. तवा माझ्या लक्षात नाही आलं. लहान होतो."

मी माफी मागितली. कशाची ते स्पष्ट नव्हतं मलाच, शेगडीची की बाकीची. तो म्हणाला, "शेगडीचं काही नाही. शेगडी मी पण ठेवली असती."

मग म्हणाला, "मी अकरा दिवस वाट पाहिली, तू कवा सांगतं म्हणून. रोज वाटे आज निरोप येईन."

उठला. डब्याचं झाकण लावून माझ्या हातात दिलं, नीट दाबून, सांडू नये म्हणून. "जाय आता. गाडी चुकन." आत गेला. मागं पाहिलं नाही.

सिस्टरला सांगून आली, लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या ठेवतो.

गाडीत नरखेडपर्यंत उभी होती. जागा होती.

१९ जाने., सोम.

डॉक्टरांचा फोन. रागावल्या, पण मर्यादेत. "मी म्हटलं होतं माझ्यासमोर." हो. "आता झालं ते झालं. आम्ही पाहू." तो कसा आहे विचारलं. "शांत आहेत." शांत म्हणजे चांगलं का, विचारायचं राहिलं.

२१ जाने., बुध.

चार वाजता फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, ते येत नाही म्हणतात. झोपले आहेत का? नाही, बसले आहेत.

मावशीनं आज तीन फुलं खाल्ली. हे आता दार उघडं ठेवून पेपर वाचतात. तिच्या बाजूला नाही, पण खोलीत. यांना म्हटलं, भीती गेली? "नाही. पण तिचं पण कोणी राहिलं नाही ना."

२३ जाने., शुक्र.

शाळेत एक पोरगी रडून राहिली होती, तिच्या कुत्र्याला गाडीनं उडवलं. घरच्यांनी तिला सांगितलं तो गावाला गेला. काळे काकांच्या नातवानं खरं सांगितलं. ती मला म्हणते, मॅडम, गावाला म्हणजे कोणत्या? मी तिच्याजवळ बसली. तास पूर्ण घेतला नाही.

सं. काळे काका कुंपणाशी आले. "तो मोठा गेला म्हणे." हाव म्हटलं. "मी उगीच खबर दिली होती तवा." जाऊ द्या काका. ते उभेच राहिले. शेवटी कोथिंबिरीची एक जुडी दिली.

२५ जाने., रवि.

आज मी गेली नाही. त्यालाच नको आहे असं वाटलं. आई कालच सौंसरहून आली, ती गेली, यांच्यासोबत. सं. साडेसहाला परत. आई खूश. "चांगला आहे. बोलला माझ्याशी. पाया पडला माझ्या." यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुझ्यासाठी आहे. मावशीचं लिहून दिलं म्हणे."

वहीचा मोठा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. वर ताई नाही, खाली नाव नाही. नुसत्या सूचना. बल्ब खिडकीपासून किती लांब. फेब्रुवारीत दुपारी दोन तास बाहेर, वाऱ्याला नाही. मार्चनंतर रोज पाण्यात बसव, टबमध्ये, तिच्या खांद्यापर्यंत. मेमध्ये आंबा दे पण सालीशिवाय. कातडी निघेल तेव्हा ओढू नको. पाऊस लागला की छपराबाहेर सोड, कडीला दोरी बांधून, तिला आवडते. पुढच्या दिवाळीपर्यंत वजन किती व्हायला पाहिजे तेही. नखं कशी कापायची ते चित्र काढून दाखवलं आहे.

शेवटी फाईल कुठं आहे, आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करायची तर कोणता कागद लागतो.

अक्षर सुंदर आहे. एक खाडाखोड नाही. बंडूचं अक्षर इतकं नीट मी कधी पाहिलं नाही.

यांना वाचून दाखवलं. आई आत पोळ्या करून राहिली होती. हे म्हणाले, "किती बारीक लक्ष आहे पाह्य त्याचं." कागद माझ्या हातातून घेतला, परत पाहिला. "त्याले तर या आठवड्यात सुटी होणार होती ना? मग दिवाळीपर्यंतचं कायले लिहिलं?"

राग उतरला म्हणून माझ्यावर सोपवली, असंही असू शकते. मी दहा वेळा वाचला कागद. तसंही वाचता येते. दुसऱ्या तऱ्हेनंही येते.

वॉर्डात फोन केला. सगळं सांगितलं, कागदाचं, आईच्या पाया पडल्याचं. सिस्टर आधी म्हणाल्या, जेवले, चांगले आहेत. मग कागदाचं परत विचारलं. म्हणाल्या, बेड माझ्या टेबलासमोर घेते, डॉक्टरांना आत्ताच कळवते. दहा मिनिटांनी डॉक्टरांचा स्वतःचा फोन. "मी जाते आहे वॉर्डात. तुम्ही सकाळी या. आणि सांगून येऊ नका."

आईला सांगितलं नाही. आणि लगेच लक्षात आलं काय केलं ते. आत गेली, तवा खाली उतरवला, तिला पाटावर बसवून कागद वाचून दाखवला. पूर्ण. आई म्हणाली, "म्हणून पाया पडला का तो?" माहीत नाही आई, म्हटलं. खरंच माहीत नाही.

उद्या शाळेत झेंडावंदन. मोठ्या मॅडमला फोन करून सांगितलं, येत नाही, भावाकडं जाते. हे शटर उघडणार नाहीत, मावशीपाशी थांबतील. आई माझ्यासोबत येते. पोळ्या बांधून ठेवल्या आहेत चार.

गाडी पावणेसातची.